डेर्कच्या लिंकची मुदत

डेर्क वीरसेमा मंगळवारी सकाळी गेला, आणि बुधवारी दुपारी त्याचा धाकटा भाऊ एप्पो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अक्षरं मोजत होता. एकशे सदुसष्ट भरली. पुन्हा मोजली तर एकशे अडुसष्ट. दुःखात माणसाचं असं होतं.

ही अक्षरं म्हणजे डेर्कचा अंत्यविधी घरबसल्या पाहण्याच्या पानाचा पत्ता. डेल्फझैलच्या बंदरात डेर्कने एकतीस वर्षं परक्या जहाजांवर शिडीने चढून ती सुखरूप धक्क्याला लावून दिली होती. त्यामुळे ओळखी समुद्रभर. त्यातले निम्मे लोक आता गुडघ्यांनी अधू आणि उरलेले सातासमुद्रापार, म्हणून हॉलवाल्यांनी कॅमेरा लावायचं कबूल केलं होतं. पत्ता तेवढा शोकपत्रावर छापायचा होता. छापखान्यातला माणूस फोनवर म्हणाला, "चार ओळी जातील साहेब. मग एक तर मयताचं पूर्ण नाव काढा, नाहीतर शेवटचं कॉफीचं आमंत्रण काढा."

कॉफीचं आमंत्रण काढणं अशक्य. माणूस गेला हे आमच्याकडे लोक समजून घेतात; पण गेला आणि कॉफीही नाही, हे नाही समजून घेत.

खरं तर हे सगळं एप्पोने अंगावर घ्यायची गरज नव्हती. डेर्कची बायको रूलफीन म्हणाली होती की अंत्यविधीच्या कंपनीतली बाई सगळं करते, पत्र, पाकिटं, लिंक, सगळं. पण एप्पो म्हणाला, "घरात माणूस असताना परक्या बाईला कशाला?" चौतीस वर्षं त्याने बांध-पाणी खात्यात कागद सांभाळले होते. कोणत्या बांधाची तपासणी कधी, कोणाच्या कालव्याची परवानगी केव्हा संपते, हे त्याला विचारायचं. निवृत्त झाल्यापासून कोणी काही विचारत नव्हतं. भावाच्या मरणात का होईना, त्याला एक खातं मिळालं.

"कर बाई काय ते," रूलफीन म्हणाली. माणसं थकली की पुरुषालाही बाई म्हणतात.

समोरच्या घरातला टोंको टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. म्हणजे तारेतून जे जे जातं त्यावर आपला हक्क आहे असं समजणारा. तो सांत्वनाला आला आणि टेबलावरचा कागद पाहून सांत्वन विसरला.

"अरे एप्पो, एवढी लांबलचक लिंक कोण छापतं? आखूड करून देणारी सेवा असते. आमच्या हिची भजनमंडळी वापरते. आणि आता तर तिच्यात नव्या सोयी आल्यात!"

दोघांनी ती सेवा उघडली. पडद्यावर रंगीत फुगे वर जायला लागले आणि मोठ्या अक्षरांत आलं, 'आम्ही बदललो आहोत! सात नव्या सोयी!' एप्पोने फुगे थांबवायचा प्रयत्न केला. ते थांबत नव्हते. सख्खा भाऊ गेलेल्या माणसासमोर सात मिनिटं फुगे उडत राहिले, आणि टोंको आदराने पाहत राहिला.

पहिली सोय : लिंकच्या शेवटी स्वतःचा शब्द घालता येतो. एप्पोने 'डेर्क' घातलं. तो शब्द खोटं गवत विकणाऱ्या कोणा डेर्कने आधीच घेतला होता. पूर्ण नाव घालावं तर टोंको म्हणाला, "पुन्हा लांब? आखूड करायलाच बसलोय ना आपण?" तेवढ्यात सेवेनेच आपणहून एक शब्द सुचवला : 'डेर्क-लाइव्ह'. थेट प्रक्षेपण आहे, तेव्हा बरोबरच आहे, असं दोघांना वाटलं. दोघांनी मिळून पासष्ट वर्षं सरकारी नोकरी केली होती, वाटणारच.

दुसरी सोय : काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. फोन धरला की लिंक उघडते. तोही घेतला. छापखानेवाल्याने तो पत्रावर डेर्कच्या फोटोशेजारी बसवला, आणि बसवताना फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि चौकोन बिस्किटाएवढा झाला.

गुरुवारी एकशे ऐंशी पत्रं पोस्टात पडली. शुक्रवारी सकाळी एक्क्याण्णव वर्षांच्या आल्त्ये आत्याचा फोन आला.

"एप्पो, पत्र मिळालं. डेर्कचा चेहरा असा चौकडीचा का दिसतोय? फार हाल झाले का रे त्याचे?"

"आत्या, तो चेहरा नाही. चेहरा बाजूला आहे. बारीक."

"बरं. आणि खाली 'डेर्क लाइव्ह' लिहिलंय. माझी इंग्रजी शिकवणी युद्धाच्या नंतरची आहे, पण लाइव्ह म्हणजे जिवंत ना?"

"आत्या, जिवंत म्हणजे तसा जिवंत नाही..."

"मग कसा जिवंत?" आत्याने विचारलं. याचं उत्तर चर्चच्या पास्टरबाईंनाही नीट सुचलं नसतं.

त्याच दुपारी शेजारच्या ब्रोन्सेमाबाई केक घेऊन आल्या. ब्रोन्सेमाबाईंना जगातल्या सर्व चोऱ्यांची माहिती असते. "मिस्टर वीरसेमा, तुम्ही तारीख आणि वेळ जगजाहीर केलीत. चोर शोकपत्रं वाचतात, ठाऊक आहे ना? सगळं घर स्मशानात, आणि चोर घरात! माझ्या चुलत नणंदेकडे कॉफीयंत्र नेलं. प्रेत होतं तेवढं ठेवलं."

एप्पो हादरला. सेवेची तिसरी सोय होती पासवर्डची. त्याने ब्रोन्सेमाबाईंच्या देखत लिंकला पासवर्ड घातला, चांगला अवघड, आकडे-चिन्हं असलेला. बाई समाधानाने गेल्या. त्याची बायको हिली भांडी पुसता पुसता म्हणाली, "आणि हा पासवर्ड त्या एकशे ऐंशी लोकांना कोण कळवणार? डेर्क?"

शनिवार-रविवार फोन वाजत राहिला. कॅनडातला मावसभाऊ, एम्डनचा जर्मन कप्तान, रॉटरडॅमच्या दोन विधवा. एप्पो प्रत्येकाला पासवर्ड सांगायचा, "मोठा डी, मग तीन, मग उद्गारचिन्ह," आणि पलीकडून जर्मन कप्तान विचारायचा, "उद्गारचिन्ह कोणत्या प्रसंगी?" सोमवारी सकाळी एप्पोने हार मानली आणि पासवर्ड काढून टाकला.

तेव्हा सेवेने एक काळजीचा प्रश्न विचारला. पासवर्ड काढताय, मग सुरक्षेसाठी निदान मुदत तरी घालता का? चौथी सोय. ठरलेल्या दिवशी लिंक आपोआप बंद होते.

मुदत! एप्पोच्या डोळ्यांत आठवड्यात पहिल्यांदा तेज आलं. मुदत म्हणजे त्याचं घरचं मैदान. अंत्यविधी बुधवारी, चौदा तारखेला. त्यानंतर लिंक उघडी कशाला राहायला हवी? त्याने चौदा तारीख घातली. मुदत संपल्यावर येणाऱ्याला कोणती सूचना दाखवायची, हेही सेवा विचारत होती; ती पाचवी सोय. तयार सूचना होती, 'अरेरे! इथे काही नाही,' आणि शेजारी हात पसरलेलं अस्वल. एप्पोने अस्वल काढलं आणि चौतीस वर्षांच्या अनुभवातून स्वतः लिहिलं :

'विहित मुदत संपुष्टात आली आहे. यापुढे प्रवेश दिला जाणार नाही. संबंधितांनी नोंद घ्यावी.'

त्याने ते दोनदा वाचलं. पुष्कळ दिवसांनी काहीतरी नीट लिहिल्याचं समाधान त्याला झालं. भावासाठी काहीतरी केलं, असं वाटलं. त्या रात्री तो शांत झोपला.

सहावी सोय त्याला जीव लावून गेली. लिंक किती जणांनी उघडली, कोणत्या गावातून, किती वाजता, याचा तक्ता. मंगळवारी तो रूलफीनकडे गेला आणि तिला तक्ता दाखवला. "बघ, चौदा देशांतून! सिंगापूर, ओरेगॉन, डब्लिन, फ्रँकफुर्ट. लोक विधीआधीच बघून ठेवतायत."

रूलफीनने चष्मा लावला. "सिंगापूर? तिथलं कोण?"

"कप्तान असतील. एकतीस वर्षं, रूलफीन! कोणकोण आठवण ठेवतं, आपल्याला काय ठाऊक?"

ती बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिली. डेर्क घरात फार बोलणारा नव्हता, आणि बोलला तर लागेल असं बोलणारा. तो कोणाला इतका हवाहवासा होता हे तिला नवीन होतं. "पास्टरबाईंना सांग," ती म्हणाली. "चौदा देश. भाषणात घालतील."

"मेन्नोचं काही...?" एप्पोने जपून विचारलं.

"पत्र पाठवलंय," ती म्हणाली आणि कपबश्या उचलायला लागली. मेन्नो तिचा एकुलता मुलगा. नऊ वर्षांत घरी आला नव्हता. कोणी विचारलं तर सगळे म्हणत, तो कामात असतो. नऊ वर्षं कामात असलेला माणूस, तर असलेला.

बुधवारी साडेदहाला विधी. पावणेदहाला एप्पो काळ्या सुटात हॉलमध्ये हजर. कॅमेरा सांभाळणारी बाई त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मिस्टर वीरसेमा, शून्य प्रेक्षक दाखवतंय."

"अजून वेळ आहे."

"इतर अंत्यविधींना या वेळेला वीसेक तरी असतात हो. कुत्र्याच्यालाही आठ होते."

एप्पोने खिशातून फोन काढला आणि लिंक उघडली. पडद्यावर त्याची स्वतःची सूचना आली. विहित मुदत संपुष्टात आली आहे. यापुढे प्रवेश दिला जाणार नाही.

संबंधित एप्पो वीरसेमा यांनी नोंद घेतली.

ही सेवेची चूक आहे, हा त्याचा पहिला विचार होता. दुसरा विचार करायला वेळ नव्हता. तो पहिल्या रांगेत हिली आणि रूलफीनच्या मध्ये बसला, समोर पेटी, पेटीवर पांढरी फुलं, आणि मांडीवर झाकलेला फोन. ऑर्गन सुरू झाला. सेवा म्हणत होती, मुदत वाढवायची असेल तर आधी तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. ज्या चौकटींत नौका दिसते त्या निवडा.

नऊ चौकटी. बोटाएवढी चित्रं. एप्पोने तीन नौका निवडल्या. चूक. नवी चित्रं आली. आता एका चौकटीत एक सपाट, लाकडी, पाण्यावर तरंगणारी वस्तू होती. हा तराफा म्हणायचा की नौका? घरातल्या कोणालाही असं काही अडलं की साठ वर्षं एकाच माणसाला विचारायची पद्धत होती. एप्पोने विचारायला मान वर केली, आणि समोर पेटी होती.

मग त्याने तराफा निवडला. चूक.

"काय करतोयस?" हिली ओठ न हलवता म्हणाली.

"नौका शोधतोय."

"आत्ता?"

फोन थरथरायला लागला. कॅनडा. मग एम्डन. मग पुन्हा कॅनडा. तिसऱ्यांदा चुकल्यावर सेवेने त्याला चोवीस तासांसाठी बाहेर काढलं, आणि सातवी सोय पुढे केली : बोलका मदतनीस. एप्पोच्या जाड अंगठ्याने तो चालू झाला, आणि कसा बंद करायचा ते कळेना म्हणून त्याने फोन घाईघाईने छातीच्या खिशात कोंबला.

पास्टरबाई बोलत होत्या. चौदा देशांतले लोक या क्षणी आपल्यासोबत आहेत, त्या म्हणाल्या. कॅमेऱ्यामागच्या बाईने छताकडे पाहिलं. मग पास्टरबाई म्हणाल्या, "आता एक मिनिट आपण शांत राहू," आणि अडीचशे माणसं खरोखरच शांत राहिली.

त्या शांततेत एप्पोच्या छातीतून एक गोड बाईचा आवाज म्हणाला, "नमस्कार! तुमच्या लिंकचं आयुष्य संपलं आहे असं दिसतं. तिला पुन्हा जिवंत करायचं का? हो किंवा नाही म्हणा."

अडीचशे माना एप्पोकडे वळल्या.

"मला ऐकू आलं नाही," आवाज म्हणाला. "हो, की नाही?"

"नाही!" मागून आल्त्ये आत्या ओरडली. तिला वाटलं, डेर्कबद्दल विचारतायत. "त्याला आता त्रास देऊ नका!"

पेटी उचलायला सहा माणसं लागतात. घरचे पाच होते. सहाव्या जागी मुलगा हवा, तिथे कंपनीने काळे हातमोजे घातलेला आपला एक माणूस दिला होता. तो एप्पोच्या शेजारीच होता. दारापाशी वळताना तो समजुतीने म्हणाला, "होतं असं. मागे एकाच्या खिशात सामन्याचं समालोचन चालू होतं." एप्पोला त्याचा राग आला. परका माणूस, भावाचं वजन खांद्यावर, आणि वर समजूत घालतो.

कॉफीच्या वेळी टोंको म्हणाला, "पण मी तर फक्त आखूड करायला सांगितलं होतं." ब्रोन्सेमाबाई म्हणाल्या की चोरी तर झाली नाही ना, मग झालं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लोक त्याच्या पाठीवर थोपटत होते, जसं बुद्धीने कमी माणसाला थोपटतात. "लिंकवाल्या कंपनीची चूक आहे," एप्पो प्रत्येकाला सांगत होता. "मी लेखी तक्रार करणार आहे."

त्याने केली. तीन पानं. दुसऱ्या दिवशी ज्यांनी फोन केले होते त्या सगळ्यांना त्याने ध्वनिचित्रणाचा मूळ, एकशे सदुसष्ट अक्षरांचा पत्ता पाठवला. ज्यांनी फोन केला नव्हता त्यांना अर्थातच नाही.

सहा दिवसांनी मेलवर उत्तर आलं. ते एका खऱ्या माणसाने लिहिलेलं होतं आणि म्हणून जास्त लागलं. आदरणीय मिस्टर वीरसेमा, आमच्या सेवेत मुदत त्या दिवसाच्या सुरुवातीला, म्हणजे मध्यरात्री बारा वाजता संपते. हे पडद्यावर लिहिलेलं असतं आणि आपण 'वाचलं, मान्य आहे' या चौकटीत खूण केली आहे. दुसरं, आपण ज्या परदेशी भेटींचा अभिमानाने उल्लेख केलात, सिंगापूर, ओरेगॉन, डब्लिन इत्यादी, त्या माणसांच्या नाहीत. प्रत्येक नवी लिंक सुरक्षित आहे का हे तपासणारी ती यंत्रं आहेत. ती ठरावीक अंतराने येतात. बंद लिंकवर येऊन गेलेल्यांची यादीही आता उपलब्ध आहे. सोबत जोडत आहोत. आपल्या दुःखात सहभागी आहोत. फुगे नव्हते, एवढं एक बरं.

एप्पोने पत्र छापून, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मध्यरात्रीचे बारा! बांध-पाणी खात्यात मुदत कार्यालय बंद होईपर्यंत असे, चौतीस वर्षं. चूक कोणाची हे आता लेखी होतं. पण ते कोणाला दाखवायची गरज नव्हती. त्याला जास्त छळत होती ती यंत्रं. रूलफीन चौदा देशांवर जगत होती. बेकरीत सांगत होती, टपालवाल्याला सांगत होती. सिंगापूरच्या कप्तानाला आभाराचं कार्ड कुठे पाठवायचं, असं तिने दोनदा विचारलं होतं.

"तू सांगणार आहेस तिला," हिली म्हणाली. "ती पेपरवाल्यालाही चौदा देश सांगायच्या आत."

तो गेला. रूलफीनने कॉफी ओतली आणि त्याने सगळं सांगितलं. म्हणजे यंत्रांचं सांगितलं, मध्यरात्रीचं नाही.

"म्हणजे कोणी नव्हतंच," ती शेवटी म्हणाली.

"होते ना. कॅनडा होता, एम्डन होतं. हे बघ, बंद दारावर आलेल्यांची यादी आहे." तिला काहीतरी द्यावं म्हणून त्याने फोन पुढे केला. "यंत्रं ओळखता येतात. बरोबर साठ-साठ मिनिटांनी येतात. ही यंत्रं. हा कॅनडा. ही रॉटरडॅमची. आणि हे झ्वोला, हे पण यंत्रच असणार, किती वेळा आलंय बघ ना, अकरा."

रूलफीनचा हात कपावर थांबला. "वेळा वाच."

"दहा एकतीस. दहा बत्तीस. पुन्हा दहा बत्तीस. दहा पस्तीस." एप्पोचा आवाज हळू झाला. "दहा सत्तेचाळीस. दहा अठ्ठेचाळीस. मग अकरा-पाच. अकरा वीस. मग दुपारी दीडला एकदा. संध्याकाळी सातला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला."

यंत्र असं येत नाही. आपलं माणूसच असं येतं.

"झ्वोलाला मेन्नो राहतो," रूलफीन म्हणाली. एप्पोला ते माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. घरात तो फक्त कामात होता. "मला वाटलं, त्याने पत्र फाडलं असेल. उत्तर नाही, फोन नाही. मी म्हटलं, बापाच्या मरणालासुद्धा नाही द्रवला, तर संपलं. त्याचं नाव काढायचं नाही असं ठरवून टाकलं मी, एप्पो. सहा दिवस झाले."

ती उठली आणि कोट घालायला लागली. "गाडी काढ."

"आत्ता? आधी फोन तरी..."

"नऊ वर्षं फोनच करतेय. गाडी काढ."

दीड तासाचा रस्ता. वाटेत तिने नऊ वर्षांपूर्वीचं सांगितलं. मेन्नोने बंदराची परीक्षा सोडून रेल्वे चालवायची नोकरी घेतली होती. डेर्कच्या वाढदिवसाला, पंचवीस माणसांसमोर, केक वाटताना डेर्क म्हणाला होता, "रुळावरून चालवायला काय, आंधळाही चालेल." मेन्नोने ताटली खाली ठेवली, आईच्या गालाचा मुका घेतला आणि गेला. "मी काहीच बोलले नाही," रूलफीन म्हणाली. "मी केक कापत होते."

एप्पो गाडी चालवत होता आणि त्याच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. अकरा वेळा. म्हणजे अकरा वेळा मेन्नोने काय वाचलं, हे त्याला शब्दशः पाठ होतं.

विटांची चाळीसारखी घरं, सगळ्यांना एकसारखी निळी दारं. मेन्नोने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात पोछ्याचा दांडा होता आणि पायांत नुसते मोजे. केस पार पांढरे झाले होते. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग काकाकडे, आणि दार होतं तेवढंच उघडं ठेवलं.

"मेन्नो," रूलफीन म्हणाली.

"मी घेतली होती नोंद," मेन्नो म्हणाला. शांतपणे, रुळलेल्या आवाजात. हे वाक्य त्याने बरेच दिवस तयार ठेवलेलं असणार. "यापुढे प्रवेश दिला जाणार नाही. संबंधितांनी नोंद घ्यावी. मी सुट्टी काढून बसलो होतो आई. सूट घालून, इथे, टेबलाशी. यायची हिंमत नव्हती, पण बघावं म्हटलं. मला वाटलं बाबांनीच जाताना सांगून ठेवलं असेल. नाहीतर तू. कोणी असं लिहितं? एवढा विचार करून?"

"मी नाही रे," रूलफीन म्हणाली. "मला यातलं काहीच..."

"मग कोणी?"

एप्पोच्या तोंडावर ते वाक्य तयार होतं. आठवडाभर त्याने ते अडीचशे माणसांना सांगितलं होतं. जीभ आपोआप त्या वळणावर गेली. कंपनीची. त्याने ते गिळलं. ते सहज गेलं नाही.

"मी," तो म्हणाला. "मी लिहिलं. तिथे अस्वल होतं, ते मी काढलं आणि हे लिहिलं. चांगलं लिहिलं असं वाटलं मला. आणि तारीख मी चुकीची घातली. मध्यरात्री बंद झालं ते, विधीच्या आधी दहा तास. कंपनीची काही चूक नाही. माझ्याकडे त्यांचं पत्र आहे." आणि आपण जे बोलतोय ते खरं आहे हे पटावं म्हणून त्याने फोन काढून ते पत्र उघडलं आणि उंबऱ्यावरून पुढे धरलं. "वाच. दुसरा परिच्छेद. मी खूण केली होती, वाचलं आणि मान्य आहे म्हणून. वाचलं नव्हतं. तुझ्यावर कोणी काही बंद केलं नाही मेन्नो. कोणालाच दिसलं नाही. कॅनडालाही नाही. तुझा काका मूर्ख आहे, एवढीच गोष्ट आहे."

मेन्नोने फोन घेतला आणि वाचलं. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मग पुन्हा वाचलं.

"अस्वल?" तो म्हणाला.

"हात पसरलेलं," एप्पो म्हणाला.

मेन्नोच्या घशातून एक आवाज निघाला. हसणं म्हणून तो निघाला असावा, पण मध्येच कुठेतरी वळला, आणि तो पोछ्याच्या दांड्याला धरून तसाच वाकून उभा राहिला. रूलफीनने पुढे होऊन त्याचं डोकं धरलं. तिला त्यासाठी टाचा उंच कराव्या लागल्या.

बऱ्याच वेळाने तो नाक पुसत म्हणाला, "किती वेळ चाललं?"

"चाळीस मिनिटं," ती म्हणाली. "मी सांगते ना सगळं."

"आत या. बूट काढा पण, फरशी ओली आहे."

रूलफीनने बूट काढून भिंतीशी लावले आणि ती आत गेली. एप्पो पायरीवर बसला आणि नाड्या सोडायला लागला. आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग रूलफीनचा, मग बराच वेळ नुसता मेन्नोचा. नाड्यांच्या दोनच गाठी होत्या. एप्पोने त्या सोडायला जितका लावता येईल तितका वेळ लावला.